पाचवा आवाज

बस अंबिकापूरच्या स्टँडवर थांबली तेव्हा पाच वाजायला वीसेक मिनिटं कमी होती. रायपूरहून मी एकटा आलो होतो. बायकोला सांगितलं होतं, कोळशाचं काम आहे. ते खोटं होतं.

हे डोंगरातलं शहर मला नवं नव्हतं. सहा वर्षं मी मिलच्या कोळशासाठी दर महिन्याला इथे यायचो. घाट लागला की बसमधले लोक पिशव्यांतून शाली काढायचे, आणि त्या आवाजानंच मला झोपेतून जाग यायची. स्टँडवरचा चहावाला मला ओळखायचा. त्या दिवशीही त्यानं ओळखलं. “साहब, बहुत दिन में?” म्हणाला. मी मफलर नाकापर्यंत ओढला आणि चहा न घेता पुढे निघालो. धुकं इतकं होतं की समोरचे डोंगर असतील हे केवळ माहीत होतं म्हणून मानायचं. रस्ता चढाचा.

मला गभणे मिस्त्रींच्या मुलीचं घर शोधायचं होतं. मिस्त्री चारला उठतात आणि उजाडायच्या आत अंगण झाडून काढतात, हे मला माहीत होतं. घरातले बाकीचे उठायच्या आधी ते एकटे भेटावेत, एवढंच ठरवून मी निघालो होतो. त्यापुढचं काहीच ठरलं नव्हतं.

सदाशिव गभणे रायपूरबाहेरच्या आमच्या उरल्याच्या री-रोलिंग मिलमध्ये फोरमन होते. मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेत होते, म्हणून रायपुरात आले आणि बूढ़ापाऱ्यात तलावाजवळच्या एका गल्लीत राहिले. मी रायपुरातल्याच तात्यापाऱ्याचा. नागपूरच्या भोसल्यांच्या वेळेपासून आमचं घराणं रायपुरात आहे, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं हिंदीत. त्यावर ते म्हणाले होते, “भोसल्यासंगं आले ना तुमी? मंग भोसले गेले तवा मराठीबी संगं पाठवून देल्ली काय?”

तेव्हापासून ते माझ्याशी मराठीतच बोलत. मी अडखळत उत्तर द्यायचो. आज हे मी मराठीत लिहितो आहे, त्याला कारण ते आहेत.

मी त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, पण हुद्द्यानं वर, शिफ्ट इंजिनिअर. ही अडचण त्यांनी आपल्या पद्धतीनं सोडवली होती. मिलच्या फाटकाच्या आत मी ‘साहेब’ आणि ‘तुमी’. फाटकाबाहेर पाऊल पडलं की ‘अविनाश’ आणि ‘तू’. एकदा आत काहीतरी बोलत आम्ही बाहेर पडलो, आणि एकाच वाक्यात त्यांनी दोन्ही केलं: “साहेब, तुमी त्या बेअरिंगचं पाहाल ना, नाही तर उद्या... अबे, तोंड काहून सुकलं तुझं? जेवला नाही काय?” मध्ये फाटक आलं होतं, बस एवढंच.

री-रोलिंग मिल ज्यानं पाहिली नाही त्याला थोडं सांगावं लागेल. भट्टीतून लाल झालेलं लोखंड बाहेर येतं आणि एकामागून एक लावलेल्या रुळांच्या जोड्यांतून दाबलं जात बारीक होत जातं. प्रत्येक जोडीपाशी एक माणूस लांब चिमटा घेऊन उभा. सळी बाहेर आली की तोंड पकडायचं आणि पुढच्या जोडीत घालायचं. सळी चुकली तर ती सापासारखी उसळते. पण खरा धोका मिल बंद असताना असतो. रुळांपुढे सळीला दिशा देणारा लोखंडी खोका असतो, त्याला गाईड म्हणतात. तो घासला की मिल थांबवून बदलायचा. त्यासाठी रुळांच्या जबड्यात हात घालावा लागतो. आणि हात आत असताना कुणी मोटार चालू केली तर...

म्हणून गभण्यांचा एक नियम होता. तो कुठल्याही पुस्तकात नव्हता. मिल पुन्हा सुरू करण्याआधी ते मधोमध उभे राहून पाचही चिमटेवाल्यांना नावानं हाक मारायचे. ज्याचं नाव घेतलं त्यानं दोन्ही हात डोक्यावर करून ओरडायचं, “हव!” छत्तीसगढीत हव म्हणजे हो. पॅनलवर साहू बसायचा. त्याच्या काचेच्या खोलीतून सगळी माणसं दिसत नसत, म्हणून त्यानं मोजायचं. पाच वेळा ‘हव’ ऐकू आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. चार ऐकू आले तर पुन्हा पहिल्यापासून.

वेळ जायचा. वर भट्टीत लोखंड जास्त तापायचं, मालक खिडकीत यायचे. गभण्यांचं एकच उत्तर असे, “लोखंड बिघडलं तर वितळवून परत करू, साहेब. हात वितळवून परत करता येते काय?”

मालकांनी एकदा बाहेरगावचे पाहुणे मिल दाखवायला आणले. सूट घातलेले चार जण रुळांच्या जवळ येऊन उभे राहिले. गभण्यांनी पाच माणसांची नावं घेतली आणि मग वळून एका पाहुण्याला विचारलं, “आपका शुभ नाम?” त्याला वाटलं ओळख करून घेत आहेत. नाव सांगितलं. गभण्यांनी तेच नाव ओरडून घेतलं आणि वाट पाहत उभे राहिले. मालकांचं तोंड लाल झालं. शेवटी त्या पाहुण्यानं हात वर करून ‘हव’ म्हटलं, मागोमाग उरलेल्या तिघांनी, आणि सर्वांत शेवटी, अंगठ्यांनी भरलेली दहा बोटं वर करून, मालकांनी. साहूनं दहा मोजले आणि मिल सुरू केली. आम्ही आठवडाभर हसत होतो. गभणे हसले नाहीत. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते त्यांना कळलंच नाही.

घरीही तेच. स्कूटर सुरू करताना मागे बसलेल्यानं ‘हव’ म्हटल्याशिवाय ते क्लच सोडत नसत. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तर गल्ली तुंबलेली. मधोमध गभण्यांची स्कूटर फटफटत उभी, मागे त्यांच्या पत्नी, काकू, फुगून बसलेल्या. दोघांचं काहीतरी बिनसलं होतं.

“हव म्हण ना वं.”

“नाही म्हणत.”

“मंग उतर.”

“उतरतबी नाही.”

मागे दोन रिक्षा आणि एक दूधवाला भोंगे वाजवत होते. समोरच्या ओट्यावरून शेजारच्या बाई ओरडल्या, “मी म्हणते, हव! जा आता एकदाचे!”

गभणे शांतपणे म्हणाले, “तुमी बसल्या काय मागं? जे बसलं त्यानं म्हणावं.”

दहा मिनिटांनी काकू हसल्या आणि म्हणाल्या. मग गाडी गेली.

ही आठवण मी लोकांना सांगितली आहे, गंमत म्हणून. पुढची कुणालाच सांगितली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वीचा जानेवारी. दुपारची वेळ. तिसऱ्या जोडीचा गाईड बदलायला मिल थांबली होती. तेवढ्यात फाटकावरून निरोप आला की गभण्यांची मुलगी शुभांगी आली आहे. तिला शाळेत नोकरी लागली होती, अंबिकापूरला. फोनवर न सांगता बापाला तोंडानं सांगावं म्हणून ती बूढ़ापाऱ्यापासून स्कूटरनं उरल्यापर्यंत आली होती. गभणे हातमोजे काढत मला म्हणाले, “साहेब, दहा मिनिटं. मी येईपर्यंत चालू करू नका.” मी मान हलवली.

पाच मिनिटांत भट्टीवाल्यानं ओरडायला सुरुवात केली. वरून फोन आला, काय चाललंय. मग दुसऱ्यांदा आला. मी जाऊन मधोमध उभा राहिलो, गभण्यांच्या जागी, आणि नावं घ्यायला लागलो. चार जणांनी हात वर केले, चार ‘हव’ आले. पाचवा दुकालू. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. कुणीतरी म्हणालं, पाणी प्यायला गेला असेल. मला तो दिसत नव्हता. साहूलाही दिसत नव्हता, आणि तो काचेआड बसून पाचव्या आवाजाची वाट पाहत होता. फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला.

मी तोंड फिरवलं आणि ओरडलो, “हव!”

दुकालू तिसऱ्या जोडीच्या मागे वाकून शेवटचा बोल्ट कसत होता. त्याचा उजवा हात गेला, मनगटापासून.

दोन दिवसांनी ऑफिसात चौकशी झाली. साहू म्हणाला, “पाच सुने, साहब. पूरे पाच.” मॅनेजरनं मला विचारलं, हाक कुणी घेतली. मी म्हटलं, मी. पाचवा आवाज कुठून आला? मी म्हटलं, दुकालूच्या बाजूनं. भट्टीच्या गोंगाटात तो कुणाचा होता ते बाकीच्या चौघांनाही कळलं नव्हतं.

गभणे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी मला एकच विचारलं. “साहेब, तुमी सोता आयकला?”

“ऐकला,” मी म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला. मी तात्यापाऱ्याचा शिकलेला मुलगा, त्यांच्या घरी जेवणारा. ठेवणारच. ते तसेच दवाखान्यात गेले. मीही मागे गेलो, दाराशी थांबलो. दुकालू शुद्धीवर होता. म्हणत होता, “मैं नइ बोले हंव, मिस्त्री. किरिया खा के कहत हंव, नइ बोले हंव.” मी ओरडलोच नाही, असं शपथ घेऊन सांगत होता. आणि ज्या माणसाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता तो माणूस खाटेवरच्या जखमी माणसावर ओरडला, “झूठ मत बोल! हाथ गया तो गया, जबान तो मत गंवा!”

कागदावर दोन गोष्टी लिहिल्या गेल्या. कामगारानं इशारा देऊन मग हात घातला. फोरमन जागेवर नव्हता. दुसऱ्या गोष्टीवर गभण्यांनी वाद घातला नाही. “जागा मी सोडली,” म्हणाले, आणि नोकरी सोडली. त्यांच्यानंतर नावं घेण्याची पद्धत बंद झाली, भोंगा बसवला. जाताना ते मला फाटकाबाहेर म्हणाले होते, “अविनाश, वीस वर्सं मी समजत होतो का माणूस आपल्या तोंडानं बोलला का खरं बोलते. मूर्ख होतो बे मी.” मी त्यांच्या स्कूटरच्या दिव्याकडे पाहत राहिलो.

काकू पुढे वारल्या. गभणे बूढ़ापारा सोडून मुलीकडे अंबिकापूरला गेले. त्याच सुमारास कोळशाच्या कामासाठी माझ्या इथल्या फेऱ्या सुरू झाल्या. दर महिन्याला मी या शहरात उतरायचो, काम करायचो, दुपारच्या बसनं परत जायचो. सहा वर्षांत एकदाही त्यांच्या घराकडे वळलो नाही. पत्ता माझ्या खिशातल्या डायरीत होता.

वळलो असतो की नाही, मला माहीत नाही. पण या फेरीच्या तीन आठवडे आधी रायपुरातच एका नव्या इमारतीच्या फाटकावर पहारेकऱ्यानं मला डाव्या हातानं सलाम केला. दुकालू होता. हसत होता. मी म्हटलं, कसा आहेस. तो म्हणाला, ठीक आहे. मग माझा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण माझी समजूत घालत म्हणाला, “गलती मोरेच रिहिस, साहब. महीं बोले रहेंव अउ फेर हाथ डार देंव.” मीच बोललो आणि मग हात घातला.

अकरा वर्षं सगळ्यांनी त्याला तेच सांगितलं होतं. आता त्याला तसं आठवत होतं.

चढ संपला तिथे शाळेच्या मागची चार घरं होती. तिसऱ्या घरापुढे खराट्याचा आवाज येत होता. मी कुंपणाशी थांबलो. धुक्यात एक वाकलेली पाठ पुढे-मागे होत होती, डोक्याला मफलर बांधलेला.

“कोन आहे बे?”

“मी. अविनाश.”

त्यांनी खराटा भिंतीला उभा केला. जवळ येऊन माझं तोंड पाहिलं. “इतक्या सकाळी? सगळं बरं ना घरी? ये, आत ये. चहा मांडतो. शुभांगी उठाची आहे अजून.”

“आत नको. मला एक सांगायचं आहे.”

“मंग बसून सांग ना.”

“बसून नाही सांगता येणार.”

मी सांगितलं. नीट सांगितलं नाही. भट्टी, फोन, साहू, असं सगळं आधी बोललो, म्हणजे बचावच करत होतो. शेवटी म्हणालो, “पाचवा आवाज माझा होता.”

ते माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ते माझ्याकडे पाहत नव्हतेच बहुतेक. हळूच म्हणाले, “म्हंजे तो खरं बोलत होता.”

“हो.”

“किरिया घेत होता तो. अन् मी त्याले...” त्यांनी मफलरचं टोक तोंडावर धरलं. मग एकदम ताठ झाले. “त्याले सांगितलं काय तू?”

“नाही. मला वाटलं, आधी तुम्हाला...”

“मले काहून? माझा हात गेला काय?” आवाज चढला. आत दिवा लागला. “अकरा वर्सं, अविनाश! अन् यायचं कुठं, तर इथं? काहून? मिस्त्री म्हातारा आहे, माफ करन, मंग मोकळा. हेच ना?”

हेच होतं. रात्रभर बसमध्ये मला ते कळलं नव्हतं, त्यांनी म्हटल्यावर कळलं.

शुभांगी दारात आली. “बाबा, काय झालं? कोण आहे?” मला ओळखून हसली, “अरे, अवि भैया! अंदर आइए ना, बाहर कितनी ठंड है!” तिला वडिलांच्या नोकरीचं काय झालं ते ठाऊक होतं. कशामुळे झालं, ते ठाऊक नव्हतं. गभण्यांनी तिला काही सांगितलं नाही. “रायपूरले जाऊन येतो,” म्हणाले. “कब?” “आता.” “अरे पर बाबा, आपका बीपी...” “गोळी दे संगं.” आणि स्वेटरवर कोट चढवून ते माझ्या पुढे चालायला लागले.

सातच्या बसनं आम्ही परत निघालो. साडेनऊ तास शेजारी बसून. घाट उतरताना ऊन आलं. कटघोऱ्याला बस थांबली तेव्हा त्यांनी दोन चहा सांगितले, एक माझ्या हातात दिला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “ओरडला तवा मनात काय होतं तुझ्या?”

“काहीच नव्हतं.”

“काहीच नाही?”

“फोन वाजत होता. तो थांबावा, एवढंच.”

त्यांनी मान हलवली. पुढे रायपूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मला ‘साहेब’ म्हणावं की ‘तू’, याचं आता मला काही वाटत नव्हतं. मी फक्त दर थोड्या वेळानं त्यांच्या छातीकडे बघत होतो, श्वास नीट चालला आहे ना म्हणून.

दुकालूचं घर बिरगावात, उरल्याच्या अलीकडे. रात्रपाळीला निघायच्या आधी तो घरी सापडेल, असा माझा हिशेब होता. संध्याकाळची धूळ, ट्रकांची रांग. गल्लीच्या तोंडाशी एका बाईला विचारलं, तिनं निळं दार दाखवलं. मी म्हटलं, “मिस्त्री, तुम्ही बरोबर असाल ना आत?”

“तू थांब इथंच. पयले माझं आहे.”

“तुमचं काय आहे? चूक तर...”

“मी त्याले झूठा म्हटलं,” ते म्हणाले. “खाटेवर पडल्या माणसाले. ते माझं आहे. त्यात तू नको येऊ.”

ते आत गेले. दार उघडंच होतं. मी भिंतीला लागून उभा राहिलो. मला दिसत काही नव्हतं. दुकालूचा आनंदाचा आवाज आला, “अरे मिस्त्री! कहां ले आगेव? बइठव, बइठव!” मग खुर्ची सरकवल्याचा आवाज. मग गभण्यांचा आवाज, खूप हळू. मग दुकालू घाबरून म्हणाला, “का करथव मिस्त्री, उठव! पांव झन छूवव, मोला पाप लागही!” पाया पडू नका, म्हणून त्याच्या बायकोचाही आवाज आला. गल्लीत खेळणारी पोरं थांबून दाराकडे बघायला लागली.

मी तिथून निघून जाऊ शकलो असतो. तसं मनात आलंही, खोटं कशाला सांगू. ट्रक होते, रिक्षा होत्या, तात्यापारा फार लांब नव्हता.

गभणे बाहेर आले. कोटाला गुडघ्यापाशी माती लागली होती. त्यांनी ती झटकली नाही. माझ्यासमोर थांबून म्हणाले, “माझं झालं. तुझं नाव नाही घेतलं मी. पुसून राहिला तो, तुमाले कोनं सांगतलं म्हणून. मी म्हटलं, बाहेर उभा आहे.”

“तुम्ही थांबाल ना?” मी विचारलं. पन्नाशीचा माणूस, पण असं विचारलं.

“नाही.”

“मग कुठे जाता? रात्री घरी चला माझ्या. सकाळी...”

“स्टँडवर बसतो. सकाळची गाडी आहे.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, काही नाही. फक्त बाजूला झाले, दार मोकळं करायला.

गल्लीच्या तोंडाशी ते एकदा थांबले. मला वाटलं मागे बघतील. समोरून वळणारा ट्रक जाऊ देत होते. तो गेला, धूळ उडाली, आणि रस्ता ओलांडताना त्यांची वाकलेली पाठ मला दिसली. त्यानंतर ते मला भेटले नाहीत. फोनही त्यांनी उचलला नाही.

आतून दुकालूनं विचारलं, “कोन हे बाहर? आवव ना भीतरी.”

मी चपला काढल्या आणि आत गेलो.